झोप येणे आणि झोप लागणे

झोप येते, झोप लागते, झोप मोडते, झोप उडते. मराठीतील या प्रयोगांत कर्तेपण झोपेकडे असते, माणसाकडे नसते. 'मला झोप लागली' असे म्हणताना आपण स्वतःला चतुर्थीत बसवतो आणि कर्त्याची जागा झोपेला देतो. 'मी झोपलो' असेही म्हणता येते, नाही असे नाही. पण त्यातून आडवे होण्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना आम्ही ही उदाहरणे अनेक वर्षे फळ्यावर लिहिली. या क्रियापदांतील भेदावर आपले शहाणपण टिकून असेल, हे मात्र 2007 सालच्या पावसाळ्यात पुण्यातील एका मानसोपचारतज्ज्ञासमोर बसेपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

डॉक्टरांनी विचारले, "झोप येत नाही, की येते पण लागत नाही? की लागते पण टिकत नाही?" एरवी व्याकरणात चोख असलेले आम्ही गडबडलो. मग थोडे थांबून त्यांनी चौथा प्रश्न विचारला, "की झोपेची गरजच वाटत नाही?" हा प्रश्न विचारताना ते आमच्याकडे पाहत नव्हते, शेजारी बसलेल्या आमच्या पत्नीकडे पाहत होते. उत्तर तिनेच दिले.

भावस्थितीच्या विकारांत या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगळ्या वाटांनी जातात. चिंतेने घेरलेल्या माणसाला झोप येते, पण पाठ टेकली की ती लांब जाऊन उभी राहते. गाढ खिन्नतेत पुष्कळदा उलटे घडते. अकराला झोप लागते आणि तीनला मोडते. मोडली की पुन्हा जुळत नाही. ज्या वेळेला आपली भाषा साखरझोप म्हणते, नेमकी तीच खिन्न माणसाच्या वाट्याला येत नाही. सकाळी त्याचे मन सर्वांत जड असते आणि दिवस कलताना ते किंचित हलके होते. उन्मादात तर तक्रारच नसते. झोप तीन तासांवर येते, कधी दोनावर, आणि माणूस ताजातवाना उठतो. त्याला वाटते, इतकी वर्षे आपण उगाच झोपण्यात घालवली. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही ठिकाणी एकच दिसते: हा माणूस झोपत नाही. मग तो सहानुभूतीने म्हणतो, 'एखादी झोपेची गोळी का घेत नाही?' या वाक्यातील 'एखादी' या शब्दाने आमचे बरेच नुकसान केले आहे.

ते असे. 2007 च्या मार्च-एप्रिलमध्ये आम्हांला खिन्नतेने गाठले. पहाटे तीनला जाग येई आणि छताकडे पाहत सहा वाजत. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. गावातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेसाठी म्हणून अमिट्रिप्टिलिनची लहानशी गोळी दिली, आणि ती पुरेना तेव्हा वाढवली. हे औषध मुळात खिन्नतेवरचे. झोप आणणे हा त्याचा एक जोडगुण. ज्याला निव्वळ खिन्नता आहे त्याला ते उपयोगी पडू शकते. परंतु ज्याच्या स्वभावात उन्मादाचे दुसरे टोक दडलेले आहे त्याला खिन्नतेवरची औषधे, विशेषतः या जुन्या ट्रायसायक्लिक गटातील, वर ढकलू शकतात, आणि सोबत लगाम घालणारे औषध नसेल तर हा धोका अधिक. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हीच त्यांना अर्धी गोष्ट सांगितली होती. 1986 साली, बी. ए.च्या वर्षात, आम्ही ओळीने आठ-नऊ रात्री जवळजवळ न झोपता ग्रंथालयातील कादंबऱ्यांचे एक कपाट संपवले होते. ते आजारपण असेल असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते. उलट ती आमच्या व्यासंगाची मिरवण्याजोगी आख्यायिका होती, आणि आम्ही ती दर वर्षी नव्या वर्गाला सांगत होतो.

झोप प्रथम आली. आठवडाभर आम्ही कृतज्ञतेने झोपलो. मग ती हळूच मागे सरकू लागली, पण या वेळी तिच्या जाण्याचे दुःख नव्हते. रात्री दोनला उठून आम्ही लिहू लागलो. काय लिहिले नाही! मराठी समीक्षेची फेरमांडणी, एका दीर्घ कादंबरीचा आराखडा, दोन संपादकांना खरमरीत पत्रे, एका सहकाऱ्याला त्याहून खरमरीत. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून एक त्रैमासिक सुरू करण्याचे ठरवले आणि छापखान्याला आगाऊ रक्कमही दिली. वाक्ये आम्हांला शोधावी लागत नव्हती, ती दाराशी रांग लावून उभी होती. जून उजाडेपर्यंत रांगेतील वाक्ये एकमेकांना ढकलू लागली, आणि जुलैत आम्हांला पुण्याला नेण्यात आले. नेण्यात आले, गेलो नाही; हा प्रयोगही येथे नेमका आहे.

साहित्याच्या वाचकांसमोर एक कबुली देणे आवश्यक वाटते. आपल्या परंपरेत जागे राहणाऱ्याची बाजू फार बळकट आहे. कोजागरीला लक्ष्मी विचारीत येते, कोण जागे आहे? झोपलेल्याच्या हाती काही पडत नाही. खंडोबाचे जागरण असते. त्याची झोप घातल्याचे कोणी ऐकले नाही. गीतेतील संयमी पुरुष इतरांच्या रात्री जागा असतो. आपल्याकडे कष्टाळू माणूस रात्रीचा दिवस करतो, आणि मर्ढेकरांनी 1942 साली संज्ञाप्रवाहाची कादंबरी लिहिली तेव्हा तिला हेच नाव दिले. झोपेच्या पक्षाला काय, तर कुंभकर्ण. अशा घरात वाढलेल्या लेखकाला उन्मादातील निद्रानाश हा रोग वाटत नाही, तो वर वाटतो. वैद्यकाची आपली परंपरा मात्र वेगळे सांगत होती, याकडे आम्ही कधी लक्ष दिले नाही. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन आधारस्तंभांत बसवले आहे, आणि झोप आणणाऱ्या द्रव्यांत अग्रमान दिला आहे तो म्हशीच्या दुधाला. (आमच्या मातोश्री चरक न वाचता तेच देत असत.)

औषधांचा इतिहास आम्ही नंतर वाचला, रुग्णाच्या हावरेपणाने. बार्बिट्युरेट गटातील व्हेरोनाल विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतून आले आणि अर्धशतक युरोपातील निद्रानाशावर त्या गटाचे राज्य होते. उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे, हा त्यांचा दुर्गुण. खिन्न माणसाच्या उशाशी असे औषध ठेवणे म्हणजे काय, हे सांगायला नको. 1960 नंतर बेंझोडायझेपिन गट आला. त्या मानाने सुरक्षित, पण सवय जडणारा.

या इतिहासात आमचे लक्ष सर्वाधिक खिळले ते सर्पगंधेपाशी. ही वनस्पती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेड आणि अनिद्रा यांवर दिली जात असे. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी उन्मादी रुग्णांत आणि उच्च रक्तदाबात तिचा गुण येतो असे नियतकालिकात प्रसिद्ध केले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि ते जगभर वापरले जाऊ लागले. मग डॉक्टरांच्या ध्यानात आले की ते घेणाऱ्यांपैकी काही जण खोल खिन्नतेत जात आहेत. हा संबंध वाटला तितका सरळ नाही असे पुढे काहींनी दाखवले. पण त्या शंकेतूनच खिन्नतेचा मेंदूतील रसायनांशी संबंध जोडणारा विचार पुढे सरकला. एकाला निववणारे औषध दुसऱ्याला बुडवते, ही गोष्ट आमच्याच मातीतील एका मुळीने जगाला शिकवली होती. आम्ही ती अमिट्रिप्टिलिनकडून, उलट्या दिशेने, नव्याने शिकलो.

दुसरी गोष्ट साहित्यिकाची आहे. अमेरिकन कादंबरीकार विल्यम स्टायरन 1985 साली गंभीर खिन्नतेत गेले, त्यांची झोप गेली, आणि त्यांना ट्रायझोलाम हे झपाट्याने काम करणारे झोपेचे औषध देण्यात आले. 1990 मध्ये 'डार्कनेस व्हिजिबल' या छोट्या पुस्तकात त्यांनी या औषधाने आपली अवस्था अधिक बिकट केली असे मत मांडले. हे एका रुग्णाचे मत, प्रयोगशाळेचा निष्कर्ष नव्हे. तरीही 1991 मध्ये ब्रिटनने ते औषध बाजारातून काढले, त्यामागे मनावरील परिणामांच्याच तक्रारी होत्या. त्या पुस्तकावर आमच्याकडे लिहिले जाते ते खिन्नतेचे वर्णन म्हणून. आम्हांला ते एका गोळीविषयीचे पुस्तकही वाटते, आणि त्या अंगाने ते कोणी शिकवलेले आमच्या ऐकिवात नाही.

पण खरा धक्का आम्हांला औषधाविना झालेल्या एका शोधाने दिला. 1971 च्या सुमारास जर्मन डॉक्टरांनी पद्धतशीरपणे नोंदवले की खिन्न रुग्णाला एक रात्र मुद्दाम पूर्ण जागे ठेवले तर साधारण निम्म्या जणांचे मन दुसऱ्या दिवशी उल्लेखनीय रीतीने उचलले जाते. आणि मग ते झोपतात, नि उठतात तेव्हा खिन्नता बहुतेकांच्या उशाशी परत येऊन बसलेली असते. 1987 मध्ये अमेरिकेतील थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली: कारण कोणतेही असो, प्रवास, बाळंतपण, शोक, प्रेम, ते ज्या वाटेने माणसाला उन्मादात नेते ती बहुधा गमावलेल्या झोपेतून जाते. म्हणजे झोप हा या आजाराचा नुसता आरसा नव्हे, ती त्याची कळही आहे. ही कळ चुकीच्या बाजूला दाबली तर काय होते, त्याची पावती छापखान्याने आम्हांला दिली होती.

आणखी एक बदल शब्दाचा झाला. पूर्वी खिन्नतेबरोबर येणाऱ्या निद्रानाशाला 'दुय्यम' म्हणत. मूळ आजार बरा करा, झोप आपोआप येईल, असा त्याचा अर्थ. 2005 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरवलेल्या परिषदेने तो शब्द बाजूस ठेवून 'सहवर्ती' या अर्थाचा शब्द सुचवला. दोन पाहुणे एकत्र आले आहेत, कोण कोणाला घेऊन आला ते ठरवता येत नाही, तेव्हा दोघांचीही विचारपूस करा. विशेषणातील फरकाने रुग्णाची रात्र बदलू शकते, याहून चांगले उदाहरण भाषेच्या शिक्षकाला कोठे मिळणार?

आमचे उपचार सांगण्याजोगे नाटकी नाहीत. लिथियम, ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली ज्याचा उन्मादावरील गुण प्रसिद्ध केला तेच हे क्षाररूप. ते झोपेचे औषध नव्हे, पण त्याने भावस्थिती स्थिरावली की झोपेला टेकायला जागा मिळते. त्यासाठी रक्त तपासत राहावे लागते, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांवर नजर ठेवावी लागते, पाणी कमी पडून चालत नाही, आणि गुडघा दुखला म्हणून मनाने वेदनाशामक घेण्याची मुभा नसते. रात्री क्वेटियापिन. हे गुंगी आणते, पण आम्हांला ते दिले गेले ते निव्वळ गुंगीसाठी नव्हे, उन्मादाला आवर म्हणून. आरंभीचे दोन आठवडे तेवढे झोल्पिडेम, तेही दोनच, कारण त्यापुढे सवयीचा प्रश्न येतो. डॉक्टरांनी तेव्हा बजावले होते की गोळी घेतली की अंथरूण, मध्ये कोणतेही काम नाही. अर्धवट झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, गाडी काढणे असे प्रकार या गटातील औषधांनी होतात. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. खिन्नता नसलेल्या साध्या निद्रानाशावर आज गोळीआधी झोपेच्या सवयी घडवणारी मानसोपचारपद्धती सुचवतात. त्या पद्धतीत अंथरुणातील तास मुद्दाम कमी करण्याचा एक भाग असतो. आमच्यासारख्यांच्या बाबतीत तो फार जपून वापरावा लागतो, कारण आमचे तास कमी करणे म्हणजे काय, ते वर आलेच आहे. आम्हांला नेमून दिले ते उठण्याचे घड्याळ: साडेपाच, रविवारीही, दिवाळीतही.

याची किंमत असते. क्वेटियापिनने पहिल्या वर्षात नऊ किलो वजन वाढले. सकाळी साडेसातच्या तासाला उभे राहिले की डोक्यात धुके. पंचवीस वर्षे तोंडपाठ असलेल्या कवितेचे तिसरे कडवे एकदा आठवले नाही, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने ते खालच्या आवाजात पुरवले. तिने ते ज्या सौजन्याने केले त्याने आम्ही अधिक खचलो. मात्रेची वेळ दोन तास अलीकडे आणल्यावर धुके पुष्कळ विरळ झाले. हे एवढे साधे होते, पण ते डॉक्टरांना सांगण्याऐवजी आम्ही दीड वर्ष मनात ठेवले.

2014 साली एका दिवाळी अंकासाठी लेख कबूल केला होता. लेख उतरेना. आम्ही मनात म्हटले, चार रात्री औषध थांबवू, लेख पुरा करू, पुन्हा सुरू करू. गोळ्यांची डबी पत्नीच्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे असे. रोज रात्री ती एक काढून देई. प्राध्यापकाने चाळिशी ओलांडल्यावर असे हात पुढे करणे आम्हांला फार लागे. आम्ही गोळी जिभेखाली धरू लागलो आणि मागच्या अंगणात टाकू लागलो. तिसऱ्या रात्री वाक्ये पुन्हा दाराशी आली. चौथ्या दिवशी सकाळी ती चहाचा पेला ठेवून म्हणाली, "अहो, काल तुम्ही दोन वाजता गुणगुणत होता." एवढेच. आरोप नाही. आम्ही नाकारले, मग कबूल केले. त्याच दिवशी पुण्याचा फोन झाला. लेख पुरा झाला नाही. त्या संपादकांना आम्ही प्रकृतीचे कारण कळवले, आणि ते प्रथमच खरे होते.

गोळीने आलेली झोप आपली असते काय? विद्यार्थ्यांनी विचारलेला नसला तरी हा प्रश्न आम्हांला बरीच वर्षे छळत होता. चष्म्याचा दाखला देतात; चष्म्याने दिसते ते आपलेच दिसणे. दाखला सोयीचा आहे, पण आम्हांला पटत नाही. चष्मा काढता येतो आणि काढल्यावर आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊक असते. ही झोप वेगळी आहे. ती चोरपावलांनी येत नाही, नऊ वाजता पडदा पाडावा तशी पडते, आणि पुष्कळदा स्वप्नांचा मागमूस ठेवत नाही.

2007 च्या त्या रात्रींतल्या चार वह्या आमच्याकडे आहेत. काही वर्षांपूर्वी धीर करून वाचल्या. समीक्षेची फेरमांडणी वाचवत नाही. तिच्यात 'म्हणूनच' हा शब्द पानापानावर येतो आणि कशाचे कारण कशाला जोडले आहे ते कळत नाही. कादंबरीचा आराखडा हा पात्रांच्या नावांची यादी आहे. पण तिसऱ्या वहीत, एप्रिल सरता सरता, आमच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणावर दीड पान आहे. ते चांगले आहे. आम्ही नंतर औषधे घेऊन, पुरेशी झोप घेऊन, साडेपाचला उठून जे लिहिले त्यात त्या दीड पानाच्या तोडीचे काही नाही. मित्र म्हणतात, तुम्ही आजारपणाचे उदात्तीकरण करता. आम्ही करीत नाही; पान समोर आहे, कोणीही येऊन वाचावे. औषध सोडण्याचे ते कारण नव्हे, एवढेच आम्ही पक्के ठरवले आहे. त्या दीड पानामागे तीनशे पाने आणि पत्नीचे गहाण पडलेले दागिने आहेत.

तेलुगू स्त्रीगीतांत ऊर्मिलेची एक कथा आहे. वनवासात लक्ष्मणाला चौदा वर्षे जागायचे होते, तर त्याची झोप इकडे अयोध्येत ऊर्मिलेने झोपून काढली. जागणाऱ्याची झोप कोणाला तरी भरावी लागते, असा त्या कथेचा हिशेब. आमच्या घरचा हिशेब उलटा निघाला, आणि तो आम्हांला 2016 मध्ये कळला. नेहमीच्या तपासणीला उभयता पुण्याला गेलो होतो. आमचे झाल्यावर पत्नी म्हणाली, "डॉक्टर, मलाही झोपेचे काही द्याल का?" आम्ही तिच्याकडे पाहतच राहिलो. डॉक्टरांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. येत नाही, की लागत नाही, की टिकत नाही? ती म्हणाली, "येते हो. पण मी लागू देत नाही. यांचा श्वास एका लयीत लागेपर्यंत ऐकत असते. मग कधी कधी एक वाजतो."

नऊ वर्षे.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर टेकवलेले पेन उचलले. तिला गोळी दिली नाही. आम्हांला म्हणाले, औषध यापुढे तुम्ही स्वतः घ्या आणि घेतल्याचे यांना सांगा. डबी तुमच्या कपाटात ठेवा, यांच्या नव्हे.

स्वारगेटहून दुपारची एसटी मिळाली. शिरवळ सुटले तेव्हा तिची मान आमच्या खांद्यावर कलली. खंबाटकीच्या घाटात गाडी वळणे घेत होती, समोरची मुले ओरडत होती, वाहक सुट्या पैशांवरून कोणाशी तरी भांडत होता. आम्ही हात हलवला नाही. साताऱ्याच्या स्थानकात गाडी रिकामी झाली तरी तिला उठवले नाही. शेवटी वाहकच मागे आला.